म्हशीनं पास केलेला डबा

बोलण्याच्या भरात म्हशीचं नाव घेऊ नये, हा धडा मी त्या उन्हाळ्यात शिकलो. मी म्हणालो होतो एवढंच, की मी बनवून देतो त्या डब्यावर म्हैस उभी राहिली तरी तो बंद पडायचा नाही. माणूस असं काहीबाही बोलतच असतो. पण भिमाबाईंनी तंबाखू मळायची थांबवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मग करा उभी, मास्तर. मी वाट बघते."

भिमाबाई म्हणजे आमच्या भागातल्या भीमगीतांच्या नामांकित गायन पार्टीच्या मालकीण. वय साठीच्या पुढं, आवाज तिशीच्या अलीकडं. पार्टी मात्र काळाबरोबर चाललेली. ढोलकी गेली, तिच्या जागी विजेवरचा ऑक्टोपॅड आला. मग गिटार आली, ती वाजवायला माझा मेहुणा निवृत्ती आला, आणि निवृत्तीबरोबर त्याच्या पायाखालचा डबा आला. गिटारची वायर आधी या डब्यात जाते आणि मग स्पीकरकडं. डब्यावरचं बटण पायानं दाबलं, की गिटारचा गोड आवाज एकदम जाडाभरडा, फाटका, गुरगुरणारा होतो. कडवं संपून गाणं चढणीला लागलं की निवृत्ती बटण दाबायचा आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहायची.

हा डबा त्यानं दिल्लीहून मागवलेला होता. दिल्लीवाल्यांना बीड जिल्ह्याची धूळ माहीत नसावी. लागोपाठ दोन कार्यक्रमांत डबा ऐन रंगात मुका झाला. दुसऱ्या वेळी भिमाबाईंचा हात वर आणि तोंड उघडं, अशा अवस्थेत अख्खं गाणं थांबलं. स्टेजवरून उतरल्याबरोबर त्यांनी पार्टीचा कायदा जाहीर केला: यापुढं ज्याचा आवाज मध्येच बंद पडेल त्यानं आपलं वाद्य उचलून घरी जायचं. तलवाड्याची जयंती पंधरा दिवसांवर होती, आणि कीबोर्ड वाजवणारा बद्रीनाथ नावाचा एक गृहस्थ निवृत्तीच्या जागेवर डोळा ठेवून होता.

निवृत्ती शाळेत तासिकेवर शिकवतो. त्याचं लग्न जमत नाही. गिटार सोडली तर स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडं काही नाही. त्या दिवशी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, सिंधूनं म्हणजे त्याच्या बहिणीनं दिलेल्या पोह्यांकडं नुसतं पाहिलं आणि तसाच उठला. निवृत्तीनं पोहे टाकून उठणं ही आमच्या घरात गंभीर बाब आहे. मला राहवलं नाही. बीडच्या आयटीआयमध्ये मी बावीस वर्षं पोरांना वायरमनचं काम शिकवतोय, आणि माझ्या घरातला माणूस एका सुटलेल्या जोडापायी देशोधडीला लागणार? मी त्याला घेऊन तडक भिमाबाईंकडं गेलो, आणि तिथंच ते म्हशीचं बोलून बसलो.

घरी आलो तो अंगात वारं भरल्यासारखा. कितीतरी वर्षांनी मला काही तरी करायला मिळालं होतं. आयटीआयमध्ये मी करतो ते अभ्यासक्रमात आधीच करून ठेवलेलं असतं. इथं कोरा कागद होता. मी दिल्लीचा डबा उघडला आणि आत पाहून मला अक्षरशः कीव आली. केसाएवढ्या वायरी, आणि बटण असं, की आमच्या दारावरच्या बेलचं बटण त्याच्यापुढं पहिलवान वाटावं.

बटणाचा प्रश्न मी भंगारबाजारात सोडवला. जुन्या जीपगाड्यांना हेडलाइट वर-खाली करायला पायाशी एक लोखंडी बटण असायचं. ड्रायव्हर बुटाच्या टाचेनं ते वीस-वीस वर्षं तुडवायचे आणि गाडी मोडीत गेली तरी बटण शाबूत राहायचं. असं एक बटण मला मिळालं. ते दाबल्यावर जो ‘खट्‌’ असा आवाज आला, तो मी रस्त्यानं येताना चाळीसेक वेळा काढला असेल. वायर मी मिक्सरची घेतली. प्रत्येक जोड डाग देऊन पक्का केला आणि वरून मेण ओतलं, म्हणजे धुळीला शिरायला वावच नको. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची रबरी गोल पट्टी बसवली.

राहता राहिलं वरचं कवच. पत्रा मला नको होता, पत्रा चेपतो. दोन दिवस मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडं ही दाबली तर काय होईल अशा नजरेनं बघत होतो, आणि तिसऱ्या दिवशी सिंधूचा पोळ्यांचा डबा दिसला. बुटका, रुंद, जाड स्टीलचा. आमच्या गावी, पालीला, माझी आई दूध संस्थेची सभासद होती, तेव्हा संस्थेच्या रौप्यमहोत्सवात प्रत्येक सभासदाला हा डबा मिळाला होता. पंधरा वर्षं रोज पोळ्या खाऊनही त्याला पोचा नव्हता. सिंधू बाहेर गेलेली पाहून मी तो उचलला, आणि ती आल्यावर डबा कुठंय म्हणाली तेव्हा शेजारी मागून नेलाय असं सांगितलं. बावीस वर्षांच्या संसारात मी इतकं निर्लज्ज खोटं पहिल्यांदाच बोललो, पण विज्ञानाला किंमत मोजावी लागते.

झाकणाच्या आत लोखंडी पट्टी बसवून मी मधोमध बटणासाठी भोक पाडलं, शेजारी लाल दिव्यासाठी दुसरं, बाजूला वायरींसाठी आणखी तीन. बॅटरी आत ठेवली. निवृत्तीनं गिटार आणि स्पीकर जोडला, मी टाचेनं बटण दाबलं, आणि आमच्या दिवाणखान्यात असा काही गुरगुराट झाला की खिडकीतली चिमणी घरटं सोडून गेली. मी निवृत्तीला मिठी मारली. तो म्हणाला, "दाजी, ह्याला तोड न्हाई." माझे डोळे भरून आले.

एवढ्यात शेजारचे राधाकिशनराव आले. हे निवृत्त तलाठी. जगातल्या कोणत्याही वस्तूची पाहणी करायचा अधिकार सरकारनं आपल्याकडून काढून घेतलेला नाही अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी डब्याचं कार्य विचारलं. चांगला आवाज बिघडवून देतो असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, की एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, त्यांची बोअरची मोटर हे काम फुकट करते. मग चष्मा लावून ते झाकणावर वाकले आणि त्यांचा चेहरा बदलला.

झाकणावर गोल अक्षरांत कोरलं होतं: ‘रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सप्रेम भेट. मा. अर्जुनराव, चेअरमन.’ आपल्याकडं भांडं दिलं की नाव घालायचंच, आणि संस्थेनं ते भलतंच खोल घातलं होतं. नावाच्या बरोबर मध्ये माझं जीपचं बटण आलं होतं.

"शहादेव," राधाकिशनराव हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा मेव्हणा चेअरमनच्या नावावर पाय देणार. तलवाड्याला पाहुणे कोण हाय ठावं हाय का?"

पाहुणे अर्जुनरावच होते. संस्थेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं जिथं खुर्ची मांडलेली दिसेल तिथं ते पाहुणे असत. मी कानस घेऊन नाव घासायला बसलो. तासाभरानं कानस गुळगुळीत झाली आणि नाव जास्तच चमकायला लागलं. शेवटी राधाकिशनरावांच्या सल्ल्यानं त्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि विषय संपवला.

आता म्हैस. त्या साली दुष्काळ असा, की गावात म्हैस बघायलाही मिळत नव्हती. सगळी जनावरं चारा-छावणीत होती. पालीची छावणी आमच्या दूध संस्थेनंच चालवायला घेतलेली, आणि तिथं माझ्या चुलत्याची म्हैस दावणीला होती. जयंतीच्या आदल्या दिवशी मी आणि निवृत्ती डबा आणि गिटार घेऊन तिथं पोचलो. फाटकावर कचरू नावाचा संस्थेचा कारकून रजिस्टर घेऊन बसला होता. आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद झाली पाहिजे, असा वरून आदेश. रजिस्टरात रकाने तीनच: चारा, पाणी, जनावर. गिटार निवृत्तीच्या गळ्यात होती म्हणून ती माणसात धरली; पण डबा कशात घालायचा यावर कचरूनं पंधरा मिनिटं विचार केला. चाऱ्यात घातला तर वजन दाखवावं लागेल, पाण्यात घातला तर लिटर. शेवटी त्यानं ‘जनावर, लहान, एक’ असं लिहिलं आणि आम्हाला आत सोडलं. त्याच्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं होतं.

म्हैस डब्यावर पाय ठेवायला तयार होईना. पंधरा वर्षं पोळ्या ठेवलेल्या डब्याला तुपाचा वास असतो, हे माझ्या गणितात नव्हतं. तिनं डबा आधी हुंगला, मग सगळीकडून चाटला. आम्ही तिचा पुढचा पाय उचलून डब्यावर ठेवायचो, ती तो काढून पुन्हा चाटायची. भोवती शंभरेक माणसं जमली. छावणीत दिवस जाता जात नाही, त्यामुळं प्रत्येकाकडं वेळ होता आणि प्रत्येकाकडं सल्ला होता. कुणी म्हणालं पेंड दाखवा, कुणी म्हणालं रेडकू आणा, आणि एकानं तर, मास्तर तुमीच चढा, वजनात लई फरक न्हाई, असं सुचवलं. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही, पण नंतर घरी वजन करून पाहिलं.

शेवटी आम्ही नाद सोडून चहा प्यायला वळलो, तेव्हा म्हशीनं स्वतःहून पुढचा पाय डब्यावर ठेवला, अंगाचा भार टाकला आणि शांतपणे रवंथ करू लागली. ‘खट्‌’ झालं, लाल दिवा लागला. छावणीच्या भोंग्याला आधीच जोडून ठेवलेल्या गिटारची तार निवृत्तीनं धावत जाऊन छेडली आणि सगळी छावणी गुरगुरली. लोकांनी टोप्या उडवल्या. त्यानंतर म्हैस वळली आणि तिनं डब्यावर इतर जे काही करायचं तेही केलं. डबा चालूच होता. भार, धूळ, ओल या तिन्ही परीक्षा एका म्हशीनं एका बैठकीत घेतल्या. मी आनंदानं नाचायचा बाकी राहिलो.

फाटकावर कचरूनं आडवा हात घातला. जनावर बाहेर न्यायचं तर पशुवैद्यकाची सही लागते, आणि डॉक्टर आता उद्या सकाळी येणार. मी कायदा सांगितला, आवाज चढवला, हात जोडले. कचरू म्हणाला, रजिस्टरात जनावर एक कमी भरलं तर त्याची नोकरी जाईल. अखेर आमचा डबा त्या रात्री शेळ्यांच्या दावणीत मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि छापील कागदावर सही केली: ‘जनावर तपासले. निरोगी आहे. प्रवासास हरकत नाही.’ हा कागद मी भिमाबाईंपुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून कनवटीला लावला आणि म्हणाल्या, "बरं. पण आजचं आज बघू." बद्रीनाथलाही त्यांनी कीबोर्डसकट गाडीत घेतलंच होतं.

तलवाड्याला आम्ही चारच्या सुमाराला पोचलो. सिंधूही भावाचं वाजवणं ऐकायला आली होती. स्टेजवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची प्रतिमा मांडलेली, त्यामुळं वर चढताना सगळ्यांनी पायताणं खाली काढली. मी जागच्या जागी थिजलो. पंधरा दिवस मी बुटाची टाच, चपलेची टाच, म्हशीचा खूर सगळं धरून चाललो होतो. निवृत्ती स्टेजवर अनवाणी असणार ही एवढीशी गोष्ट, लहानपणापासून जयंतीच्या स्टेजवर चढणाऱ्या मला सुचली नव्हती.

निवृत्तीनं अनवाणी पाय डब्यावर ठेवला आणि झटकन उचलला. वीज लागून मुंग्या आल्या म्हणाला. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज निघत होता, तो काही केल्या थांबेना. भिमाबाई माझ्याकडं बघत होत्या. मी जनरेटरजवळ गेलो आणि दुखणं सापडलं. जनरेटरची अर्थिंगची तार सळईनं जमिनीत दिली होती, पण अशा तारेला ओली जमीन लागते. इथली जमीन तर विटेसारखी वाळलेली. उपाय शाळेतल्या पोरालाही माहीत असतो: सळईपाशी दोन घागरी पाणी ओतायचं.

हे मी मोठ्यानं बोललो आणि मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. गावात टँकर चार दिवसांआड येत होता. कडूबाई नावाची एक म्हातारी पुढं आली आणि तिनं विचारलं, "जिमिनीला पाजायचं? कावून? आमच्या वावरानी काय घोडं मारलंतं?" मी खाली मान घालून सांगितलं, की हे झालं नाही तर माझ्या मेहुण्याचं वाजवणं आज बंद होईल, कायमचं. म्हातारी घराकडं वळली. जरा वेळानं ती तांब्या घेऊन आली. तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. तीस-बत्तीस बायांनी एकेक तांब्या आणला, आणि प्रत्येकीनं तो माझ्या हातात देताना आत वाकून एकदा पाहिलं. मी आजवर पुष्कळ पाणी ओतलंय, पण इतकं जड पाणी कधी ओतलं नव्हतं.

घूं थांबलं. मुंग्या थांबल्या. उजेड होता तोवरच कार्यक्रम सुरू झाला, अर्जुनराव पहिल्या रांगेत बसले, आणि निवृत्तीनं पहिल्या गाण्याला बटण दाबलं तेव्हा पोरं खुर्च्यांवर चढली. दुसरं गाणं त्याहून भारी झालं. मी बाजूला उभा राहून लोकांचे चेहरे बघत होतो आणि मला वाटत होतं, की हे सगळं मी केलंय.

वाळून दगड झालेली जमीन पाणी पीत नाही, हे मला शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असायला हवं होतं. बायांचं पाणी वरच्या वर ओघळत जनरेटरच्या दिशेनं निघालं होतं, आणि तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर ते मांडववाल्याच्या वायरीच्या जोडाशी पोचलं. फट्ट आवाज झाला, धूर आला, आणि माइक, स्पीकर, ऑक्टोपॅड, बद्रीनाथचा कीबोर्ड, सगळं एका क्षणात गेलं. भिमाबाईंचा हात वर होता. तोंड उघडं होतं. अगदी तसंच.

त्यांनी मान वळवून निवृत्तीकडं पाहिलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्टेजवर एकच गोष्ट चालू दिसली: पोळ्यांच्या डब्यावरचा लाल दिवा. तो बॅटरीवर होता. निवृत्तीही त्याच दिव्याकडं बघत होता. त्यानं गिटार पाठीवर टाकली आणि टाच उचलून डब्यावर हाणली. आतून लोखंडी पट्टी घातलेलं स्टील ढोलासारखं बोललं, वर जीपच्या बटणाचं ‘खट्‌’. धाप खट्‌, धाप खट्‌, आणि प्रत्येक ‘खट्‌’ सरशी दिवा उघडझाप करत होता. तो अनवाणी पायानं घाव घालत राहिला. भिमाबाईंनी कडवंभर तो ठेका ऐकला, पदर खोचला, निकामी माइक बाजूला सारला आणि नुसत्या गळ्यानं गाणं उचललं. तो आवाज मांडव ओलांडून पलीकडं रस्त्यापर्यंत गेला. अख्खं गाव टाळ्यांचा ठेका धरून उभं राहिलं. मी रडत होतो, हे मी नाकारत नाही.

गाणं संपलं तेव्हा निवृत्तीच्या घामेजल्या टाचेला चिकटून काळी पट्टी निघून आली होती. पहिल्या रांगेतून अर्जुनराव उठले, स्टेजशी आले आणि डब्यावर वाकून मोठ्यानं वाचू लागले. ‘मा. अर्जुनराव, चेअरमन’ इथं ते थांबले. हा आपल्या संस्थेचाच डबा का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो आणि पुढच्या प्रसंगाला तयार झालो. ते वळले आणि खणखणीत आवाजात लोकांना म्हणाले, "बघा मंडळी, पंधरा वर्सं झाली. ह्येला म्हणत्यात संस्थेचं काम." मग ते चप्पल काढून वर चढले, स्वतःच्या नावावर स्वतःचा पाय ठेवला आणि फोटो काढून घेतला. पाच भोकं, बारा जोड आणि पंधरा दिवस माझे; टाळ्या त्यांच्या. मी एकदा घसा खाकरला, पण कुणी बघितलं नाही.

जनरेटर कुणामुळं गेला ते मी कडूबाईंना जाऊन सांगितलं. त्यांचं पाणी वाया घालवलं म्हणालो. त्या म्हणाल्या, "मशीन गेलं म्हून तर भिमाबाईचा आवाज कानी पडला, बापा. लई सालांनी." 

भिमाबाई निवृत्तीजवळ उभ्या होत्या. कायदा म्हणजे कायदा, त्या म्हणाल्या. आज बद्रीनाथचा आवाज बंद पडला, ऑक्टोपॅडचा पडला, त्यांच्या स्वतःच्या माइकचा पडला. "तुजा न्हाई पडला. मंग घरी कुणी जायाचं, तूच सांग." निवृत्ती खाली वाकला. त्यानं त्यांच्या पायाला हात लावला. त्याची टाच सुजून टम्म झाली होती.

एवढं सगळं होईपर्यंत सिंधू बायकांमधून उठून स्टेजपाशी आली होती. तिनं डबा उचलला, उलटा केला, तळाशी आपण खिळ्यानं ओरखडून ठेवलेली खूण पाहिली आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी शेजाऱ्यांचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं पाचही भोकांतून बोट फिरवलं, भावाच्या सुजलेल्या टाचेकडं नजर टाकली, आणि डबा पदरानं पुसून त्याच्या हातात दिला.

मला एवढंच म्हणाली, "घरी पिठाचा डबा हाय. त्येला हात लावायचा न्हाई."